पडदा सुटलेल्या डोळ्याची शुश्रूषा

बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडे, अंबाजोगाई आणि परळी या दोन क्षेत्रांच्या टापूत वसलेल्या आणि केदारेश्वराच्या शिल्पसमृद्ध देवालयामुळे व जुन्या भुईकोट किल्ल्यामुळे इतिहासप्रेमी मंडळींस परिचित असलेल्या धर्मापुरीसारख्या गावात एखाद्या वयस्क माणसास डोळ्याने अंधुक दिसू लागले, की घरातील सर्वांच्या तोंडून एकच निदान निघते, आणि ते म्हणजे मोतीबिंदू. हे निदान बहुतेक वेळा खरेही ठरते. केंद्र सरकारने १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतल्यापासून मोतीबिंदूच्या शिबिरांची वहिवाट मराठवाड्यात खेडोपाडी रुजली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना पुढे २००८ साली पद्मश्री मिळाली, त्यांनीही आपल्या सेवेची आरंभीची वर्षे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात घालविली. आणि अशा अनेकांच्या परिश्रमाने डोळ्याच्या शस्त्रक्रियेविषयीची जुनी धास्ती या भागातून जवळजवळ नाहीशी झाली. तथापि या परिचयातूनच एक सवय अशी जडली आहे, की जिच्यामुळे काही डोळे विनाकारण जातात. ‘अजून पिकायचा आहे, पिकला की काढू’, ‘सुगी उरकली की दाखवू’ असे म्हणून वाट पाहण्याची ही सवय होय. मोतीबिंदूच्या बाबतीत काही महिने थांबल्याने सहसा मोठी हानी होत नाही. पण ज्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे त्याच्या बाबतीत दिवसांचा, प्रसंगी तासांचा, हिशेब करावा लागतो. म्हणून या रोगाच्या शुश्रूषेचा विचार इस्पितळाच्या खाटेपासून सुरू न करता घराच्या ओसरीपासून करणे मला आवश्यक वाटते.

दृष्टिपटल म्हणजे नेत्रगोलाच्या आतील मागच्या बाजूस अस्तरासारखा पसरलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा चेतातंतूंचा पडदा. बाहुलीतून आत आलेला प्रकाश यावर पडतो आणि येथूनच तो मेंदूकडे वार्तारूपाने रवाना होतो. या पडद्याच्या बाहेरच्या थराचे पोषण त्याच्या पाठीशी असलेल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या आवरणाकडून होते. सबब पडदा त्या आवरणाला चिकटून राहणे ही त्याच्या जिवंतपणाची अट आहे. नेत्रगोलाची मधली पोकळी सुमारे चार मिलिलिटर काचाभ द्रवाने भरलेली असते. हा द्रव तरुणपणी मुरंब्याच्या पाकाहूनही दाट, पारदर्शक आणि एकसंध असतो. वय वाढले, लांबचे न दिसण्याचा उणा नंबर मोठा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली किंवा डोळ्याला जबर मार लागलेला असला, की तो पातळ होऊन आकसू लागतो आणि आकसताना मागच्या पडद्याला ओढ देतो. ही ओढ बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी ठरते. परंतु पडदा कोठे विरळ झालेला असला किंवा ओढ अधिक जोराची असली, तर त्या ठिकाणी बारीकशी चीर पडते, पातळ झालेला द्रव त्या चिरेतून पडद्यामागे शिरतो आणि पडदा हळूहळू, कधी भरभर, आपल्या आधारापासून सुटत जातो.

या सर्व घटनेत वेदना नसते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीवच नसल्यामुळे डोळा लाल होत नाही, ठणकत नाही, त्यातून पाणी येत नाही; आणि खेड्यात जे दुखत नाही त्याला दुखणे म्हणत नाहीत. सूचना मात्र मिळते, आणि ती पुष्कळदा स्पष्ट असते. अंधारात किंवा डोळे मिटले असताना डोळ्याच्या कडेला विजेसारखी चमक दिसते, कारण ओढला जाणारा पडदा त्या ओढीचा अर्थ प्रकाश असाच लावतो. मग एकाएकी काळ्या माश्यांचा, काजळीच्या कणांचा किंवा जाळ्यांचा थवा डोळ्यांपुढे तरंगू लागतो. चिरेच्या वेळी फुटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिनीतील रक्ताचे ते कण असतात. त्यानंतर दृष्टीच्या एका बाजूने सावली चढू लागते; रुग्ण म्हणतो की खालून काळे येत आहे, किंवा नाकाकडच्या बाजूचे दिसत नाही. डोळ्यात प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे सावली ज्या बाजूस दिसते त्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा सुटलेला असतो, ही गोष्ट रुग्णाची हकीकत टिपून घेणाऱ्या परिचारिकेने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सावली मध्यभागी पोहोचली की, म्हणजे पीतबिंदू हा पडद्याचा सर्वांत सूक्ष्म दृष्टीचा भाग सुटला की, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईनासा होतो. त्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी पूर्ववत राहण्याची आशा मोठी. त्यानंतर जितके दिवस जातील तितका परत मिळणारा वाटा कमी.

दर दहा हजार माणसांत वर्षाला सुमारे एकास हा विकार होतो, म्हणून तो दुर्मिळ म्हणावा लागेल. पण ज्या गावात अनेकांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, ज्या घरी जाड काचेचे चष्मे पिढीजात आहेत, आणि जेथे विटी, गोफणीचा गुंडा, बैलाचे शिंग किंवा उसाचा बुडखा लागून डोळे दुखावतात, तेथे तो कधी ना कधी भेटणारच. मार लागल्यानंतर पडदा कित्येक महिन्यांनीही सुटू शकतो, आणि तोपर्यंत मूल आपल्याला विटी लागली होती हे विसरून गेलेले असते. यावर उपाय साधा आहे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने पाहावे, मग तोच प्रयोग उलट करावा. दोन्ही डोळे उघडे असताना धड डोळा पडदा सुटलेल्या डोळ्याची उणीव भरून काढीत राहतो आणि माणूस आठवडेच्या आठवडे बेसावध राहतो. आशा कार्यकर्तीने, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने किंवा शाळेच्या गुरुजींनी हा प्रयोग जरी लोकांच्या अंगवळणी पाडला, आणि ‘चमक, माश्या, सावली’ यांपैकी काहीही नव्याने उद्भवले तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून डोळा तपासून घ्यावा एवढे जरी गळी उतरविले, तरी या रोगाची अर्धी शुश्रूषा झाली असे मी समजतो. केवळ चीर पडली आहे पण पडदा अजून सुटलेला नाही अशा अवस्थेत रुग्ण पोहोचला, तर लेसरच्या किरणांनी किंवा अतिशीत सळईच्या स्पर्शाने चिरेभोवती व्रणाची तटबंदी घालून, रुग्णाला इस्पितळात न ठेवताही, काम भागते.

आजच्या रुग्णाला मिळणारी आशा किती अर्वाचीन आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रांतरदर्शक यंत्र तयार केले तेव्हा कोठे जिवंत माणसाचे दृष्टिपटल डोळ्यांनी पाहता आले. रोग दिसू लागला, पण इलाज सापडला नाही. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे उपचार म्हणजे शुश्रूषाच होती, आणि ती मोठी क्रूर होती. रुग्णाला आठवडेच्या आठवडे उताणे निजवावयाचे, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधावयाच्या, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवावयाच्या, आणि पडदा आपोआप बसेल अशी वाट पाहावयाची. १९१२ साली अमेरिकेतील नेत्रवैद्यांकडे केलेल्या विचारपुशीत यश हजारात एखाद्यालाच, असे निष्पन्न झाले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ या नेत्रवैद्याने, रोगाचे मूळ पडद्यामागच्या पाण्यात नसून पडद्याच्या चिरेत आहे, आणि ती चीर हुडकून डागून बंद केली पाहिजे, हे प्रतिपादन केले आणि स्वतः करून दाखविले. १९२९ साली ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचे म्हणणे मान्य झाले. पुढे नेत्रगोलाला बाहेरून पट्टा आवळून भिंत आत आणण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या सुमारास रुळली, आणि १९७० नंतर रॉबर्ट मॅखेमर याने डोळ्याच्या आत शिरून काचाभ द्रवच काढून टाकण्याची पद्धत प्रचारात आणली. आज पहिल्याच शस्त्रक्रियेत दहांपैकी आठ-नऊ पडदे बसतात. वाळूच्या पिशव्या गेल्या. परंतु डोके कोठे आणि कसे ठेवावे हा प्रश्न मात्र गेला नाही, इतकेच नव्हे तर तो अधिक शास्त्रशुद्ध झाला, आणि तो सोपविण्यात आला तो परिचारिकेकडेच.

ओल धरलेल्या मातीच्या भिंतीचा गिलावा जसा मागे पाणी साचले की पोपडा धरून सुटतो आणि स्वतःच्या भाराने खाली लोंबू लागतो, तसाच सुटलेला पडदा गुरुत्वाकर्षणाच्या अधीन असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नियम असा, की चिरेची बाजू खाली यावी अशा स्थितीत रुग्णाला निजवावे, म्हणजे पडदा आपल्या आधाराकडे झुकतो आणि मागचे पाणी पीतबिंदूकडे पसरण्याचा वेग मंदावतो. उजव्या डोळ्याच्या कानशिलाकडच्या भागात चीर असेल तर उजव्या कुशीवर. वरच्या भागात असेल तर डोके उंच न ठेवता सपाट. कोणत्या कुशीवर, किती वेळ, उठण्याची मुभा किती, हे शल्यविशारद लिहून देतो. पण रात्री दोन वाजता झोपेत वळलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा हळुवारपणे त्या कुशीवर आणणारी व्यक्ती दुसरीच असते.

या प्रतीक्षेच्या काळातच परिचारिकेची बाकीची कामे उरकावयाची असतात. बाहुली मोठी करणारे थेंब नेमल्या वेळी घालणे. रक्तशर्करा, रक्तदाब आणि नाडी यांची नोंद ठेवणे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय हे विचारून डॉक्टरांच्या कानावर घालणे. मधुमेही रुग्णाला उपाशी ठेवताना त्याच्या इन्सुलिनची तजवीज काय, हे आधी ठरवून घेणे. आणि कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे याची खातरजमा कागदावरून, रुग्णाच्या तोंडून आणि कपाळावरच्या खुणेवरून, अशी तिहेरी करणे. संमतिपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यातला मजकूर रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे. पडदा बसला तरी पूर्वीइतके दिसेलच असे नाही आणि कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल, हे त्याला आधी कळलेले बरे, कारण नंतर कळले तर ते त्याला फसवणूक वाटते. ज्याच्या एका किंवा दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे त्याच्याजवळ जाताना आधी नाव घेऊन हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, मग हात लावावा. तांब्या, घंटी, खाटेची कड आणि न्हाणीघराची वाट त्याच्या हाताला एकदा दाखवून ठेवावी आणि नंतर कोणी त्या वस्तू हलवू नयेत. ‘काका, मी सिस्टर आले आहे, थेंब घालते’ एवढ्या एका वाक्याने अंधारात पडलेल्या माणसाचा जीव किती भांड्यात पडतो, हे ज्याने एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आहे त्याला सांगावे लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याचे स्नायू ओढले गेले की नाडी एकाएकी मंदावू शकते, म्हणून नाडीवर अखंड लक्ष ठेवावे लागते. काचाभ द्रव काढून टाकल्यानंतर पडदा आतून दाबून धरण्यासाठी डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू दोन प्रकारचे वापरात आहेत. एक साधारण दोन आठवडे टिकतो आणि दुसरा सहा ते आठ आठवडे, आणि दोन्ही शेवटी आपोआप रक्तात शोषले जातात. तेल मात्र आपण होऊन जात नाही. ते काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावे लागते, आणि ‘आता बरे दिसते, कशाला पुन्हा’ म्हणून पुष्कळ रुग्ण तिकडे फिरकत नाहीत, ज्याची किंमत त्यांना काचबिंदूच्या रूपाने मोजावी लागते.

येथे शुश्रूषेचा नियम पूर्णपणे उलटतो, आणि हा उलटा नियमच नवशिक्या परिचारिकेला प्रथम गोंधळात पाडतो. वायूचा बुडबुडा नेहमी वर जातो. त्याने चिरेला दाबून धरावयाचे असेल तर चीर आता सर्वांत वर असली पाहिजे. उजव्या डोळ्याच्या कानशिलाकडच्या चिरेसाठी काल जो रुग्ण उजव्या कुशीवर निजविला होता तो आज डाव्या कुशीवर निजवावयाचा. चीर वरच्या भागात असेल तर त्याला ताठ बसवावयाचे. आणि पीतबिंदूला छिद्र पडले असेल किंवा चीर अगदी मागे असेल तर त्याने मान खाली घालून, चेहरा जमिनीकडे करून, राहावयाचे. एकाच कक्षात शेजारी-शेजारी तीन खाटा असाव्यात आणि एकीवरचा रुग्ण पालथा, दुसरीवरचा एका कुशीवर, आणि तिसरीवरचा, मधुमेहामुळे काचाभ द्रवात रक्तस्राव झालेला, उशा रचून डोके उंच केलेला, असे दृश्य असावे. बाहेरून आलेल्या नातलगाला ही अव्यवस्था वाटते, परंतु त्यामागचे तर्कशास्त्र काटेकोर असते. तिसऱ्या रुग्णाचे डोके उंच ठेवण्याचे कारण इतकेच, की सांडलेले रक्त खाली बसावे, मधली दृष्टी मोकळी व्हावी आणि डॉक्टरांना मागचा पडदा दिसावा. वायू असलेल्या रुग्णाने उताणे मात्र निजू नये. तसे निजल्यास बुडबुडा पुढच्या भिंगाला जाऊन टेकतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि डोळ्यातील पाण्याची निचऱ्याची वाट बंद होऊन दाब चढण्याचे भय राहते.

पालथे राहणे सांगण्यास सोपे आणि करण्यास अत्यंत कष्टाचे आहे. तासातील पंचेचाळीस-पन्नास मिनिटे, दिवसरात्र, कधी दोन-तीन दिवस तर कधी आठवडाभर, असे राहावे लागते. मान आखडते, कंबर धरते, कपाळावर व हनुवटीवर दाबाचे वळ उठतात, कोपरावर भार पडून करंगळीला मुंग्या येतात. म्हणून कपाळाखाली मऊ घडी, छातीखाली उशी, घोट्याखाली गुंडाळी, कोपराखाली मऊ आधार. दर तासाला पायांची हालचाल, जेणेकरून पोटरीच्या शिरांत रक्त गोठू नये. आणि तासातून मिळणाऱ्या दहा मिनिटांत जेवण, शौच व डोळ्याचे थेंब, असा बंदोबस्त ठेवावा लागतो. शहरातील मोठ्या इस्पितळात यासाठी खास खुर्च्या असतात. धर्मापुरीच्या घरात त्या कोठून असणार? परंतु तेथे बाज असते, चौरंग असतो आणि गोधड्या असतात. बाजेच्या कडेवर घडी केलेली गोधडी ठेवून त्यावर कपाळ टेकवावे आणि चेहरा कडेबाहेर मोकळा ठेवावा, किंवा जमिनीवर मांडी घालून समोरच्या चौरंगावर दोन उशांत फट ठेवून कपाळ टेकवावे. डोळ्यावर दाब येता कामा नये, एवढी एकच अट. नळीने पाणी पिता येते, भाकरी दुधात कुस्करून खाली मान घालूनच खाता येते. समोर जमिनीवर आरसा ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि बोलण्याचा विरंगुळा राहतो. ही सोय घरी व्हावी म्हणून परिचारिकेला घरातील बाईमाणसाशी इस्पितळातच, निरोपाच्या दिवसापूर्वी, बसून बोलावे लागते. खाट, उशी आणि घडी प्रत्यक्ष मांडून घ्यावी लागते. माझ्या मते या रोगातील परिचारिकेचे सर्वांत मोठे काम हेच आहे, की जे कौशल्य तिने प्रशिक्षणात मिळविले ते तिने अवघ्या दोन-तीन दिवसांत एखाद्या सुनेच्या, मुलाच्या किंवा नातीच्या हाती सुपूर्द करावे, कारण शस्त्रक्रियेचे दोन तास संपल्यानंतरचे सगळे आठवडे त्यांच्याच ताब्यात आहेत.

त्या हाती काय काय द्यावयाचे? प्रथम, थेंब घालण्याची रीत: हात साबणाने धुवावेत, पापणी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापसाने नाकाकडून कानाकडे एकाच दिशेने पुसावी, बोळा पुन्हा वापरू नये, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, दोन निरनिराळ्या थेंबांत निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. झोपताना डोळ्यावर कवच बांधावे, म्हणजे झोपेत हात जाणार नाही. मध, तूप, दूध, कांद्याचा रस, काजळ, सुरमा यांना सक्त मनाई. हे पदार्थ डोळ्यात घालण्याची रीत जुन्या घरांतून अद्याप गेलेली नाही, आणि ताज्या जखमेत ते घातल्याने आतल्या आत पू होऊन सबंध डोळा गमावण्याची वेळ येते. चुलीच्या धुरापासून, मळणीच्या भुसकटापासून आणि गोठ्याच्या धुळीपासून रुग्णाला दूर ठेवावे. डोक्यावरून न्हाणे काही दिवस बंद. केस धुवावयाचे तर डॉक्टरांच्या परवानगीने आणि डोळ्यात पाणी जाणार नाही अशा रीतीने. मलावरोध होऊ नये म्हणून पाणी, पालेभाजी, ताक भरपूर. खोकला असेल तर त्याचा वेळीच इलाज.

मग धोक्याच्या खुणा. थोडी खुपखुप, लाली आणि पापणीची सूज अपेक्षितच असते. परंतु डोळा जोराने ठणकू लागला, त्याबरोबर कपाळ दुखून उलट्या होऊ लागल्या, दिसणे एकाएकी कमी झाले, चिकट घाण येऊ लागली, किंवा सावली पुन्हा चढू लागली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे; पहिल्या दोहोंत दाब चढल्याचा, नंतरच्या दोहोंत जंतुसंसर्गाचा, आणि शेवटच्यात पडदा पुन्हा सुटल्याचा संशय असतो. बुडबुड्याविषयी आधी सांगून ठेवले नाही तर रुग्ण घाबरतो: प्रथम सर्वत्र पाण्याखालून पाहिल्यासारखे धूसर दिसते, पुढे वायू ओसरू लागला की हलणारी आडवी रेघ दिसते, ती दिवसेंदिवस खाली सरकते, आणि शेवटी उरलेला लहानसा गोल बुडबुडा दृष्टीच्या तळाशी घरंगळत राहून एक दिवस नाहीसा होतो. हे सर्व सुलक्षण आहे, असे त्याला आधीच सांगावे.

वायू डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य आहे, कारण उंचीवर हवेचा दाब उतरला की बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातील रक्ताभिसरण बंद पाडू शकतो. ही सूचना ऐकून धर्मापुरीचा माणूस म्हणेल की आम्हाला विमानाशी काय कर्तव्य. परंतु मुंबईस शस्त्रक्रिया करवून मराठवाड्यात परतणाऱ्याला समुद्रसपाटीवरून बोरघाटाची सुमारे ६०० मीटरांची चढण चढावीच लागते, आणि म्हणून परतीचा प्रवास केव्हा करावा हे शल्यविशारदाला विचारल्यावाचून गाडीत बसू नये. त्याचप्रमाणे या मुदतीत हात मोडला, पोटाची शस्त्रक्रिया निघाली किंवा बाळंतपणात भूल द्यावी लागली, तर डोळ्यात वायू आहे हे भूलतज्ज्ञाला सांगितले गेलेच पाहिजे, कारण भुलीच्या कामी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड त्या बुडबुड्यात शिरून तो झपाट्याने फुगवितो. यासाठी मनगटावर सूचनेची पट्टी बांधतात; ती पट्टी रुग्णाने लग्नाच्या कंकणाइतक्याच निष्ठेने जपावी.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत एका प्रश्नाचा विचार टाळून चालणार नाही. दसरा-दिवाळीनंतर येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, नवराबायकोची एक कोयता अशी जोडी धरून, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फडात असताना डोळ्यांपुढे माश्या दिसू लागल्या तर त्या पाचटाच्या धुळीच्या म्हणून सोडून दिल्या जातात. एक दिवसाचा खाडा म्हणजे उचलीच्या कर्जात भर, म्हणून दाखविणे पुढे ढकलले जाते. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढविणे काही आठवडे बंद ठेवावे लागते. अशा घरच्या रुग्णाला ‘विश्रांती घ्या’ एवढे सांगून परिचारिकेचे कर्तव्य संपत नाही. काम किती दिवस बंद, हे कागदावर लिहून द्यावे. तो कागद मुकादमाला दाखविता येतो. सरकारी आरोग्य योजनेत खर्च बसतो किंवा कसे, याची चौकशी समाजसेवा अधीक्षकांकडे करून द्यावी. फेरतपासणीची तारीख शक्य तर त्या कुटुंबाच्या मुक्कामाच्या ठिकाणाजवळच्या इस्पितळात ठरवून द्यावी, कारण गावाकडची तारीख फडातून पाळली जात नाही.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू आणि त्यापूर्वी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात अंबाजोगाईस निघाले, त्यामागे खेड्यातील माणसाला वैद्यक खेड्याजवळ मिळावे ही दृष्टी होती. पडद्याच्या अवघड शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पुष्कळदा आणखी मोठ्या शहराकडे जावे लागते. परंतु निदान, तातडीची पाठवणी आणि परतल्यानंतरची देखरेख ही जवळच व्हावी लागते, आणि तेथे भार परिचारिकेवरच येतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत या पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. तेव्हापासून मराठी मुलुखात या व्यवसायाने जे मिळविले त्याची आज खरी कसोटी अशा लहान गावांच्या वाटेवरच लागते.

या विकाराला लागून असलेल्या दोन अवस्थांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पहिली मधुमेहाची. दीर्घकाळच्या मधुमेहात पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या आणि तंतुमय पापुद्रे वाढतात आणि ते आकसून चीर न पडताही पडदा खेचून सोडवितात. येथे शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा बहुतांशी वरच्यासारखीच, पण तिच्या जोडीला साखरेवर, रक्तदाबावर आणि मूत्रपिंडांवर नजर. मधुमेह कळल्यापासून दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घेणे, दिसण्यात काहीच बिघाड नसतानाही, हाच खरा बचाव. दुसरी अवस्था अपुऱ्या दिवसांच्या बालकांची. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या विकृत वाढून पडदा सुटू शकतो. अशा बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासले गेले पाहिजेत, आणि त्याला दिला जाणारा प्राणवायू आवश्यक तेवढाच आहे याचा पहारा कक्षातील परिचारिकेने घड्याळाच्या काट्यावर ठेवला पाहिजे. फडात किंवा प्रवासात अवेळी बाळंत झालेली आई इस्पितळातून निघाली की ती तारीख हरवते; म्हणून ती बाळाच्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहावी आणि गावच्या आशा कार्यकर्तीला कळवावी.

ज्याच्या एका डोळ्याचा पडदा सुटला त्याचा दुसरा डोळाही सुरक्षित समजू नये. त्यातही विरळ जागा किंवा चिरा असण्याचा संभव सर्वसामान्य माणसाहून पुष्कळ अधिक असतो, आणि त्या वेळीच लेसरने बंद करता येतात. म्हणून फेरतपासणीला आलेल्या रुग्णाच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या कराव्यात, आणि बरोबर आलेल्या मुलाला किंवा भावाला मोठ्या उण्या नंबरचा चष्मा असेल तर त्यालाही त्याच दिवशी बाकावर बसवून थेंब घालावेत. बाहुली मोठी झाल्यावर चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे दिसत नाही, तेव्हा त्या दिवशी कोणी दुचाकी चालवून परत जाऊ नये. धर्मापुरीस जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते हे आधी विचारून मगच थेंब घालण्यास सुरुवात करावी.